कोरोउओमाचे गोठलेले धबधबे आणि माझं बनियन

आधीच सांगून ठेवतो, बर्फातला अनुभव शून्य. सह्याद्रीत पंधरा-सोळा वर्षं भटकतोय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड दोनदा झालाय, पावसाळ्यात देवकुंड, अंधारबन वगैरे तर नेहमीचंच, पण बर्फ म्हणाल तर एकदा मनालीला भाड्याचे गमबूट आणि तो केसाळ कोट घालून काढलेले फोटो, बास. तर माझी ताई फिनलंडला राहते, हेलसिंकीला लागून एस्पो म्हणून शहर आहे तिथे, दाजी आयटीत, आठ वर्षं झाली. गेली तीन वर्षं ती ये ये करत होती आणि मी दर वेळी जूनमध्ये येतो म्हणायचो आणि जायचो नाही. यंदा ती म्हणाली जून राहू दे, फेब्रुवारीत ये, भाचीला सुट्टी असते, तुला गोठलेले धबधबे दाखवते. तिथे शाळांना फेब्रुवारीत आठवडाभर स्कीइंगची सुट्टी असते, हीह्तोलोमा म्हणतात, हा शब्द मला नीट म्हणता येईपर्यंत सुट्टी संपली.

गोठलेला धबधबा म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच चित्र, देवकुंड वरून धो धो कोसळतोय आणि कुणीतरी रिमोटवर पॉज दाबलंय. ते किती चुकीचं होतं ते पुढे येईलच.

दिवस पहिला, एस्पो ते रेल्वे

दिवसभर फक्त कपडे. ताईने हॉलमध्ये तीन ढीग लावले होते. अंगाला चिकटून बसणारे लोकरीचे पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर जाड जॅकेट. आणि एकच नियम दहा वेळा सांगितला, कॉटन घालायचं नाही, काहीही झालं तरी कॉटन नाही, मोजे पण नाहीत. कॉटन घाम पिऊन बसतं, वाळत नाही आणि मग तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. मी हो हो म्हटलं. पण आता खरं सांगायचं तर आयुष्यात शर्टाच्या आत बनियन नाही असा एक दिवस गेलेला नाही, नसलं की उघडंउघडं वाटतं. एका पातळ बनियनने काय होतंय असं म्हणून दोन बनियनं बॅगेच्या तळाशी सरकवली. दाजींना रजा नव्हती, ते म्हणाले तुम्ही जा, मी घरी मॅच बघतो.

संध्याकाळी हेलसिंकीहून रात्रीची गाडी धरली, उत्तरेकडच्या रोवानिएमी शहरापर्यंत साधारण बारा तास. दुमजली स्लीपर डबे आहेत, वरच्या मजल्यावरच्या केबिनला स्वतःचं बाथरूम, आतमध्ये शॉवर पण. आपल्याकडची कोणार्क एक्सप्रेस आठवून मला जरा भरून आलं. लोक स्वतःची कार सुद्धा याच गाडीला जोडलेल्या डब्यात चढवून नेतात. ताईने थालीपीठं आणि लसणाची चटणी आणली होती, डबा उघडल्यावर सगळ्या कॉरिडॉरमध्ये वास सुटला, शेजारच्या केबिनमधले आजोबा दारातून डोकावले, काही बोलले नाहीत, हसले आणि दार लावून घेतलं. भाची म्हणाली मामा, फिनिश माणूस हसला म्हणजे खूप झालं. खिडकीतून काही दिसत नव्हतं, फक्त डब्याच्या उजेडात बर्फ आणि बर्चचे पांढरे बुंधे पळत होते. मला वाटलं झोप लागणार नाही, लागली, ओउलू कधी गेलं कळलं नाही.

दिवस दुसरा, रोवानिएमी

स्टेशनवर उतरलो, पाटीवर उणे १९. पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस कडक झाले, म्हणजे अक्षरशः जाणवतं, नाकात कुणीतरी ब्रश घातल्यासारखं, आणि मी तिथेच थांबून तीन-चार वेळा नाक आत-बाहेर केलं तर भाची लांब जाऊन उभी राहिली, माझ्याशी ओळख नसल्यासारखी.

शहर दिसायला साधं, चौकोनी बिल्डिंगा. मला आधी वाटलं लाकडी घरं, चिमण्या असं ख्रिसमस कार्डसारखं काहीतरी असेल. तर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ च्या ऑक्टोबरात, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ सगळं जाळून टाकलं. नंतर आल्वार आल्तो या त्यांच्या मोठ्या आर्किटेक्टने नवीन आराखडा केला, तो रेनडिअरच्या डोक्याच्या आकाराचा, रस्ते म्हणजे शिंगं आणि स्टेडियम म्हणजे डोळा. जमिनीवरून काहीही कळत नाही, नकाशावर ताईने बोट फिरवून दाखवलं तेव्हा दिसलं, आणि मग दिवसभर मी आता आपण कुठल्या शिंगावर आहोत असं विचारून दोघींना वात आणला.

दुपारी आर्क्तिकुम म्युझियम. १९९२ ला उघडलेलं, नदीकाठी १७२ मीटर लांब काचेची बोगद्यासारखी इमारत, एक टोक उत्तरेकडे, आणि म्युझियमचा बराचसा भाग जमिनीखाली. बघण्यासारखं आहे, पण माझं अर्धं लक्ष काचेबाहेर होतं, कारण बाहेर माणसं नदीवर चालत होती. नदी गोठलेली, वर बर्फ, त्यावर स्कीचे दोन समांतर रूळ उमटलेले आणि एक आजी कुत्रं घेऊन निवांत नदीच्या मध्यातून चालल्यात. औनासयोकी आणि केमियोकी अशा दोन नद्या इथे मिळतात, म्हणजे संगमच की, आपल्याकडे असता तर एव्हाना घाट, देऊळ आणि वडापावची गाडी आली असती. आम्ही पण गेलो. पहिली दहा पावलं मी पोहताना टाकतात तसे हात पसरून चाललो. पुढे पूल दिसतो, यात्कानक्युन्तिला, १९८९ चा, नावाचा अर्थ लाकूडतोड्याची मेणबत्ती. लाकूडतोडे ओंडका उभा चिरून त्यातच आग पेटवायचे, तो वरून खाली जळत जायचा, म्हणून पुलाच्या मनोऱ्यांवर दोन दिवे.

रात्री अरोरासाठी, म्हणजे उत्तरेकडे रात्री आकाशात दिसणाऱ्या त्या रंगीत उजेडासाठी, दोन तास नदीकाठी उभे. आकाश स्वच्छ होतं. अकराच्या सुमाराला उत्तरेला राखेच्या रंगाचा एक पट्टा दिसला, मी म्हटलं ढग आलाय. ताईने मोबाईल लावला, फोटोत तो हिरवा! मंद असला की डोळ्याला रंग कळतच नाही म्हणे, कॅमेऱ्याला कळतो. आता सगळ्यांना हिरवा फोटो पाठवलाय आणि सगळे वाह वाह म्हणतायत, मी काही बोलत नाहीये.

दिवस तिसरा, कोरोउओमा

हा खरा दिवस. माणशी दीडशे युरोच्या आसपास पडले, गाडी, कपडे, बूट, जेवण आणि गाईड धरून. स्वतःची गाडी असेल तर फुकटात होतं, तिथे तिकीट नाही काही नाही, पण उणे २४ मध्ये पहिल्यांदा जाताना गाईड असलेली बरी असं ताईचं म्हणणं, आणि दिवस संपेपर्यंत मलाही पटलं.

साडेआठला व्हॅन आली. आम्ही तिघं, एक डच जोडपं, दोन स्पॅनिश मैत्रिणी आणि सिंगापूरचे एक काका. गाईड पंचविशीतली मुलगी, दक्षिण फिनलंडची, हिवाळाभर इकडे काम करते. सगळ्यांना वरून घालायचे ओव्हरऑल दिले, माझ्या ओव्हरऑलची चेन अर्ध्यातच अडकायची, त्यावर तिने चिकटपट्टी मारली आणि म्हणाली झालं. बूट एक नंबर मोठे दिले. मी म्हटलं सैल होतायत, तर म्हणाली सैलच पाहिजेत, बोटं हलली पाहिजेत, बुटात हवा राहिली तरच ऊब राहते, घट्ट बूट म्हणजे गार पाय. आपल्याकडे ट्रेकला सैल बूट घातले तर उतारावर नखं काळी होतात, इथे उलटं.

मग तिने सगळ्यांकडे बघून विचारलं, कॉटन कुणी घातलंय का? जीन्स, टी-शर्ट, मोजे? सगळे नाही नाही म्हणाले. मी पण मान हलवली. बनियन असं काही तिने विचारलंच नव्हतं.

रस्ता दीड-पावणेदोन तासांचा, पोसिओच्या दिशेने. दोन्ही बाजूंना जंगल, झाडांवर बर्फ असा लपेटलेला की पाइन आहे का स्प्रूस ते कळायला मार्ग नाही. रस्त्याच्या कडेला दर थोड्या अंतरावर उंच बारीक काठ्या रोवलेल्या, बर्फ काढणाऱ्या गाडीला रस्ता कुठे संपतो ते कळावं म्हणून. मध्येच गाडी थांबली, पुढे चार रेनडिअर रस्त्याच्या बरोबर मधून चालत होते, हॉर्नला दाद नाही, आपल्या बसस्थानकातल्या गायी बऱ्या. हे जंगली नसतात, देशात सुमारे दोन लाख रेनडिअर आहेत आणि प्रत्येकाला मालक आहे, कानाला खाचा मारलेल्या असतात त्यावरून कुणाचा ते कळतं. गाडीखाली आला तर कळवावं लागतं.

एक मजा सांगतो. सगळीकडे आर्क्टिकचे धबधबे म्हणून जाहिरात करतात, पण आर्क्टिक सर्कल, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त, जाते ६६ अंश ३३ मिनिटांच्या आसपास, रोवानिएमी शहरच त्याच्या जरासं दक्षिणेला आहे आणि कोरोउओमा तर आणखी खाली. म्हणजे काटेकोर बघितलं तर आम्ही आर्क्टिकच्या बाहेर चाललो होतो. मी हे गाईडला सांगितलं, तिने थर्मामीटरकडे बोट केलं. उणे २४. मी गप्प.

सौक्कोवारा नावाचा पार्किंग लॉट. एक बोर्ड, एक कोरडा संडास, लाकडाची मोळी रचलेली शेड, आणि बाकी काही नाही. पावती फाडणारा नाही, भुट्टेवाला नाही, लिंबू सरबत नाही. इथून पाचेक किलोमीटरची गोल वाट आहे, दरीत उतरायचं, तळातून धबधब्यांखालून फिरायचं आणि परत चढून वर यायचं. उओमा म्हणजे नदीचं पात्र. दरी सुमारे ३० किलोमीटर लांब, काही ठिकाणी १०० मीटरपेक्षा जास्त खोल, खडकाला पडलेल्या जुन्या भेगेतून झालेली, पुढे हिमयुगात बर्फाने तासलेली. पाच किलोमीटर आणि शंभर मीटर ऐकून मी मनात म्हटलं, हे तर सकाळचं पर्वती झालं.

बुटांखाली रबराला लावलेले स्पाइक्स चढवले. आणि गाईडने सगळ्यांना जाड जॅकेट काढून सॅकमध्ये ठेवायला लावलं. उणे २४ मध्ये! म्हणाली निघताना थंडी वाजलीच पाहिजे, वाजत नसेल तर तुम्ही जास्त घातलंय, दहा मिनिटांत घाम येईल, आणि इथे घाम म्हणजे धोका. हे ऐकताना माझ्या पाठीवर मणक्याच्या खाली कुठेतरी बनियनची कड टोचत होती.

चालायला लागलो आणि पहिल्यांदा तो आवाज ऐकला. एवढ्या थंडीत बर्फ भुसभुशीत नसतो, कोरडा असतो, पाय पडला की करकरतो. कॉर्नफ्लोअरचं पाकीट बोटांनी दाबलं की कर्र होतं ना, अगदी तोच आवाज, पावलागणिक, आणि गाईड धरून नऊ माणसं चालतायत म्हटल्यावर नऊ पाकिटं. थांबलो की एकदम काहीच नाही. पानाचा नाही, पक्ष्याचा नाही, स्वतःच्या टोपीचं कापड कानाला घासलेलं तेवढं ऐकू येतं.

उतार चांगला तीव्र आहे. लाकडी पायऱ्या आहेत पण बर्फाने भरून नुसती घसरगुंडी झालेली, कठड्याला धरून उतरायचं. आता उतार म्हणजे माझा प्रांत, मी आपला सह्याद्री स्टाइल, तिरकं पाऊल टाकत झपाझप पुढे, डच जोडप्याला मागे टाकलं, वळून भाचीकडे बघितलं की बघ मामा. तेवढ्यात मागून गाईडचा आवाज, हळू! मी म्हटलं मी पडणार नाही, सवय आहे. ती म्हणाली पडण्याचं नाही बोलत मी, घामाचं बोलतेय. आणि तोपर्यंत उशीर झाला होता, पाठ ओली होती हे मला कळत होतं.

पहिला धबधबा रुस्केआ विर्ता, म्हणजे तपकिरी प्रवाह. वळणावरून एकदम समोर आला. आणि मी जे पॉज केलेलं देवकुंड मनात घेऊन गेलो होतो ते तिथेच संपलं. तो धबधब्यासारखा दिसतच नाही. काळ्या-करड्या कड्यावरून काकवी ओतली आणि ती ओघळता ओघळता घट्ट झाली असं काहीतरी, रंग पण काकवीचाच, कुठे गडद, कुठे मधासारखा, जिथे पातळ आहे तिथून उजेड आरपार. मी विचारलं उन्हाळ्यात किती मोठा असतो हा? गाईड हसली, म्हणाली उन्हाळ्यात आलात तर ओला कडा बघाल, फार तर ठिबकणारं पाणी.

म्हणजे इथे कोसळणारं पाणी गोठत नाही. वरच्या पठारावर दलदली आहेत, त्यांचं पाणी जमिनीतून, खडकाच्या भेगांमधून थेंबाथेंबाने कड्यावर झिरपतं आणि थंडी सुरू झाली की आलेला थेंब जागेवर गोठतो, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. मेणबत्ती ओघळून खाली थर चढत जातो तसं सगळा हिवाळाभर चालू असतं, म्हणून डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये हे जास्त मोठे. तपकिरी रंग दलदलीतल्या कुजलेल्या पाल्याचा. जिथे पाणी स्वच्छ तिथे बर्फ निळसर, कारण जाड बर्फातून जाताना प्रकाशातला लाल भाग बर्फ खाऊन टाकतो आणि निळा उरतो. मला पॉजपेक्षा हे जास्त आवडलं खरं सांगायचं तर. पॉज काय, एका क्षणाचं काम. हे पाच महिने रोज थोडं थोडं.

बर्फाच्या खांबांखाली उभं राहायचं नाही हे तिने दोनदा सांगितलं, लटकणारे सुळे माणसाच्या उंचीचे असतात. सिंगापूरचे काका फोटोसाठी पुढे पुढे जात होते, त्यांना तिने दंडाला धरून मागे आणलं. शिवाय दर थोड्या वेळाने सगळ्यांनी एकमेकांचे चेहरे बघायचे, नाकावर, गालावर, कानाच्या पाळीवर हिमदंशाचा, म्हणजे थंडीने कातडी गोठल्याचा, डाग दिसतोय का. गोऱ्या लोकांना पांढरा दिसतो, आमच्या रंगावर तो राखाडी, मेणचट दिसेल असं तिने वेगळं सांगितलं, हे मला फार आवडलं. ताईच्या पापण्यांवर बर्फ साचून त्या एकमेकींना चिकटत होत्या. माझ्या मिशीचा तर दगड झाला होता, आणि बोललो की वरचा ओठ ओढल्यासारखा व्हायचा.

दुसरा यास्का योकुनेन, फिनिशमध्ये चार्ली ब्राऊनचं नाव आहे हे, कॉमिक्समधला पोरगा. तो रुंद आहे, पडद्यासारखा, पिवळट आणि हिरवट. इथे आमचा फार वेळ गेला नाही कारण माझी अवस्था वाईट व्हायला लागली होती. थांबलो की पाठीवर कुणीतरी ओला टॉवेल ठेवतंय असं वाटायचं, चाललो की बरं वाटायचं, परत थांबलो की टॉवेल. दात वाजायला लागले. ताईने बघितलं. ताईने ओळखलं. "तू बनियन घातलंयस?" एवढंच विचारलं, पण ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी सातवीत गणितात नापास झालो तेव्हा शेवटचा ऐकला होता.

नशीब म्हणजे जेवणाची जागा जवळच होती. लावू म्हणतात, तीन बाजूंनी बंद आणि पुढून उघडा असा लाकडी आडोसा, समोर चूल. लाकडं शेडमध्ये ठेवलेली असतात, तिथल्या सरकारी वनखात्यासारखी मेत्साहालितुस म्हणून संस्था आहे, ती पुरवते, कुणीही यावं, फोडावीत, जाळावीत, आणि कुणी ती चोरून गाडीत भरून नेत नाही. गाईडने पाच मिनिटांत आग केली आणि मग माझ्याकडे वळली, कारण भाचीने तिला फिनिशमध्ये सगळं सांगून टाकलं होतं. भाची घरभेदी आहे.

तर उणे २४ मध्ये, आगीसमोर, दोन स्पॅनिश मुली आणि डच जोडप्याने सभ्यपणे पाठ फिरवलेली असताना मी जॅकेट, फ्लीस, लोकरीचा थर असं सगळं काढून ते बनियन बाहेर काढलं. वाफा निघत होत्या त्यातून. ताईने तिच्या सॅकमधला सुका लोकरीचा टी-शर्ट फेकला, तो घातला, परत सगळं वर चढवलं, एकूण अर्धं मिनिट असेल, पण ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही. बनियन मी शेजारच्या फांदीवर टाकलं होतं. सरबत पिऊन होईतो बघितलं तर ते फांदीवर लटकत नव्हतं, उभं होतं. दोन्ही खांदे ताठ, पापडासारखं कडक, भाचीने बोटाने टिचकी मारली तर टक् आवाज आला. मग प्रत्येकाने एकेक टिचकी मारली. सिंगापूरच्या काकांनी त्याचे जेवढे फोटो काढले तेवढे धबधब्याचे नसतील काढले.

जेवण म्हणजे मक्कारा, जाड सॉसेज, काठीला लावून भाजायचा. बुकिंग करताना शाकाहारी मिळेल असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात ताईच्या वाट्याला राय ब्रेड आणि बिस्किट आलं. पण ताईकडे थालीपीठं होती, ती दगड झालेली, तिने सरळ चुलीवरच्या जाळीवर टाकली, कडा करपल्या आणि असा वास सुटला की डच बाई उठून बघायला आल्या. त्यांना चटणी दिली. पुढचा अर्धा तास त्यांना थंडी वाजली नसावी. कुक्सा म्हणजे बर्चच्या गाठीतून कोरलेला लाकडी पेला, त्यात गरम बेरीचं सरबत. धातूच्या पेल्याला ओठ चिकटेल, याला नाही. बाटल्या सगळ्यांनी उलट्या ठेवायच्या ही पण युक्ती तिथेच कळली, पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे बाटली उलटी असेल तर बूड गोठतं आणि तोंड मोकळं राहतं.

खाताना एक पक्षी आला, साळुंकीपेक्षा जरा मोठा, करडा, शेपटीला विटकरी रंग. कुऊक्केली. हातभर अंतरावर येऊन बसला आणि सगळ्यांकडे एकेक करून बघत होता. जुन्या काळी लोक म्हणायचे की हे मेलेल्या शिकाऱ्यांचे आत्मे. आपल्याकडे कावळा शिवायची वाट बघतात, हा न बोलावता ब्रेड घेऊन गेला.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा मम्मुत्ती, मॅमथ. ६० मीटरच्या आसपास उंच. खाली उभं राहून मान मागे टाकली की टोपी पडते. वर दोन जण आइस क्लाइंबिंग करत होते, हातात बर्फाच्या कुऱ्हाडी, पायाला पुढे टोकं असलेले क्रॅम्पॉन, एवढ्याशा मुंग्या, आणि कुऱ्हाड लागली की टक्, मग एक क्षण काही नाही, मग खाली तुकडे पडल्याचा छनछन आवाज. आम्हाला बरंच लांब उभं केलं होतं. मी कोकणकड्याच्या टोकावर पोटावर झोपून खाली बघितलंय, पण तिथे जे पोटात होतं ते खाली बघताना, इथे वर बघताना झालं.

परतीच्या बाजूला एक छोटा होता, दोन पुरुष उंच असेल, वर लटकणारं काही नाही. गाईडने आधी वर नीट बघून घेतलं आणि म्हणाली या, कान लावा. टोपी बाजूला केली आणि कान बर्फापासून बोटभर लांब ठेवला, चिकटू नये म्हणून. आत पाणी वाहत होतं. बारीक, अखंड, झुळझुळ. एवढ्या थंडीत, एवढ्या जाड बर्फाच्या मागे, खडकाला धरून पाणी चालूच होतं, बाहेरचा बर्फच त्याला पांघरुणासारखा. मी मोबाईल काढला, ४० टक्के बॅटरी दाखवत होता आणि बघता बघता बंद. थंडीत बॅटरी आतून सुस्तावते, संपलेली नसते. लोकरीच्या आत, पोटाशी धरून पाच मिनिटं ऊब दिली तेव्हा जिवंत झाला, आणि वीसेक सेकंदांचा व्हिडिओ मिळाला. व्हिडिओत दिसत काहीच नाही, निळसर पांढरं धुकट, पण आवाज आहे.

चढाईला मी सगळ्यात शेवटी होतो, मुद्दाम. एक पाऊल, एक श्वास, घाम नाही. सिंगापूरचे काका पण पुढे गेले, जाऊ दे. दरीच्या तळाला दिवसभर ऊन लागत नाही, वर आलो तर सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला आणि सगळा बर्फ केशरी दुधासारखा झालेला. या दिवसांत आठनंतर उगवतो आणि पाचच्या आत गुल.

संध्याकाळी घरातला सौना, म्हणजे वाफ घ्यायची तापवलेली खोली. ५५ लाखांच्या देशात सौना ३० लाखांच्या आसपास आहेत म्हणतात, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात पण होता. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं की जी वाफेची लाट येते तिला ल्योयल्यू म्हणतात. उणे २४ मधून अधिक ७५ मध्ये. तिथे घाम आलेला चालतो म्हणे. मी पाऊण तास बसलो.

दिवस चौथा, सांता आणि परती

सकाळी सांता क्लॉज व्हिलेज, भाचीसाठी म्हणून गेलो पण भाची अकरा वर्षांची आहे, तिला काडीचा रस नव्हता, ताईलाच होता. दुकानं, रांगा, दुकानं. जमिनीवर आर्क्टिक सर्कलची रेघ आखलेली आहे, सगळे तिच्यावर एक पाय इकडे, एक तिकडे करून फोटो काढतात, आम्ही पण काढला. खरी रेषा एका जागी राहत नाही, पृथ्वीचा आस किंचित हलतो त्यामुळे सध्या वर्षाला साधारण साडेचौदा मीटर उत्तरेला सरकतेय. १९५० मध्ये एलिनॉर रुझवेल्ट, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या पत्नी, आल्या होत्या, त्यांच्यासाठी घाईघाईने बांधलेली लाकडी झोपडी अजून आहे, मला सगळ्या व्हिलेजमध्ये तेवढीच आवडली. पोस्टातून आईला कार्ड टाकलं.

संध्याकाळची गाडी. मांड्या दुखत होत्या, पाच किलोमीटरला, सांगायला पण लाज वाटते. बसल्या बसल्या आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, तिची सिरियल नुकतीच संपली होती. भाचीने मोबाईल हिसकावून आधी बनियनचं सगळं सांगितलं, साभिनय, टिचकीच्या आवाजासकट. आई म्हणाली बरं झालं, सर्दी झाली का? नाही म्हटलं. मग मी तिला म्हटलं थांब, तुला एक गंमत ऐकवतो, आणि ताईच्या मोबाईलवर तो वीस सेकंदांचा व्हिडिओ लावून स्पीकर जवळ धरला. काही सांगितलं नाही. आईने जरा वेळ डोळे बारीक करून ऐकलं.

"अरे, नळ चालू राहिलाय बघ कुठेतरी," ती म्हणाली, "आधी तो बंद कर जा."